वस्तीची गाडी

हिंगणदऱ्याला रात्रीची एसटी यावी अशी मागणी गावात कुणीच केलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यानंतर निम्मं गाव छाती ठोकून सांगायला लागलं की मूळ कल्पना आपलीच. मूळ कल्पना मन्मथप्पांची होती आणि त्यांच्याशिवाय ती कुणाला सुचायचं कारणही नव्हतं. त्या साली पाऊस गावाला बगल देऊन गेला होता. निम्मं गाव कोयते घेऊन उसाला गेलं होतं आणि उरलेलं टँकरची वाट बघत बसलं होतं. अशा गावात दिवे लागल्यावर बीडहून परत येणार तरी कोण होतं?

नीलम्मा येणार होती. नीलम्मा म्हणजे मन्मथप्पांची सून. एकुलता एक मुलगा काविळीने गेला, तेव्हा तिच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली होती. ती गेली नाही. बीडच्या एका पतसंस्थेत चिकटली आणि रोज जाऊन-येऊन करायला लागली. घरात मन्मथप्पा, त्यांची बायको जगदेवी आणि नीलम्मा अशी तीनच माणसं. मन्मथप्पांचं किराणा दुकान होतं आणि शिवाय ते गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. संस्थेत त्या साली चेअरमन होते, सचिव होते, शिक्का होता, स्टीलची मापं होती, नव्हतं ते फक्त दूध. तरी मन्मथप्पा रोज सकाळी कुलूप काढायचे, खुर्ची पुसायचे, तासभर बसायचे आणि कुलूप लावून दुकानात यायचे. सचिव हे पद दुधावर अवलंबून नसतं असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

अडचण अशी की हिंगणदऱ्याची शेवटची गाडी बीडहून दुपार कलतानाच सुटायची आणि नीलम्माची पतसंस्था काही तेवढ्यात सुटायची नाही. संध्याकाळची गाडी होती, पण ती नेकनूरपर्यंतच. नेकनूरला ती रात्रभर थांबायची आणि सकाळी बीडला परत जायची. त्यामुळे मन्मथप्पा रोज लुना घेऊन नेकनूरच्या स्टँडवर उभे राहायचे आणि सुनेला मागे बसवून आणायचे. आता त्यांची नजर अशी झाली होती की अंधारात रस्ता दिसे, खड्डा दिसत नसे. एके दिवशी दोघं लुनासकट कोरड्या पुलाखाली गेले. नीलम्माचं कोपर सोलवटलं आणि मन्मथप्पांचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला हळद लावता लावता नीलम्मा म्हणाली, "मामा, मी बीडातच खोली बघते. तुमचा जीव रोज टांगणीला कावून लावायचा?"

"बघ की," मन्मथप्पा म्हणाले आणि दुकानात निघून गेले. तिथे त्यांनी मीठ मागणाऱ्या माणसाला तूरडाळ बांधून दिली. दुपारी जेवायला आले नाहीत. जगदेवीने निरोप पाठवला तर भूक नाही म्हणाले. 'राहा' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. म्हातारा सुनेच्या पगारावर डोळा ठेवून तिला अडकवतो, असं म्हणायला गाव टपलेलंच होतं, आणि मन्मथप्पांना भाकरीपेक्षा अब्रू जास्त लागायची. संध्याकाळी मात्र ते घरी आले तेच डोळ्यांत वेगळी चमक घेऊन. म्हणाले, "जगदेवी, नेकनूरची गाडी आपल्या गावापोत्तर वाढवायची. गावाचा विकास व्हायला पायजे."

जगदेवीने त्यांच्याकडे बघितलं आणि भाकरी वाढली.

विकास म्हटल्यावर सल्ले आलेच. शेजारी धोंडप्पा, गिरणीवाले. त्यांनी एकदा रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव दुरुस्त करून आणलं होतं. तेव्हापासून सरकार दरबारी कसं बोलावं यावर गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "मन्मथप्पा, सायबासमोर हात जोडायचे न्हाईत. हात मागं बांदायचे. जोडलेले हात ते रोज बघत्यात." रतनबाई म्हणाल्या की रात्रीच्या गाडीने चोर येतील. चोरांनी गावात येऊन नेमकं काय न्यायचं, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. आणि बायनाबाई, ज्यांच्यापुढे सरपंचसुद्धा बिडी लपवायचे, त्या म्हणाल्या, "मागायचीच तर हैदराबादची गाडी माग. नेकनूर काय, मी चालत जाते."

सरपंच गहिनीनाथ ठरावाला तयार होते. पण ठरावाला माणसं पुरेशी लागतात आणि ती तर तिकडे सांगली-कोल्हापूरला ऊस तोडत होती. शेवटी दोन म्हाताऱ्यांना खाटेसकट उचलून आणून ठराव झाला. त्यातल्या एकाला वाटलं आपल्याला दवाखान्यात नेतायत, म्हणून त्याने आल्या आल्या छातीत दुखतंय म्हणून सांगितलं.

मन्मथप्पा कोट घालून आणि धोंडप्पांना सोबत घेऊन डेपोत गेले. साहेब तरुण होते, सभ्य होते आणि घाईत होते. टेबलावरचा फोन सारखा वाजत होता. दोन फोनांच्या मधल्या फटीत ते एकेक प्रश्न टाकायचे.

"रस्ता?"

"हाय. खडी हाय, पण हाय."

"प्रवासी?"

"लई." धोंडप्पा हात मागे बांधून म्हणाले.

फोन वाजला. साहेब बोलले, फोन ठेवला. "वस्ती?"

"एकच हाय, साहेब," मन्मथप्पा म्हणाले. "सुंदररावांची. गावाच्या पलीकडं, माळावर."

"पाणी?"

"गावात न्हाई, खोटं कावून बोलू. पण वस्तीवर हाय. बोर हाय त्यांचं."

"दिवा?"

"हाय."

"खाटा?"

मन्मथप्पा क्षणभर थबकले. मग म्हणाले, "खाटा बी लई हायत."

"मग काही अडचण नाही," साहेब म्हणाले आणि फोन परत वाजला.

बाहेर आल्यावर धोंडप्पा म्हणाले, "ह्या सायबाला सुंदररावाच्या खाटांचं काय पडलंय?" मन्मथप्पांनाही ते खटकलं होतं, पण मोठी माणसं मोठा विचार करतात असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. शिवाय सुंदरराव हे दूध संस्थेचे चेअरमन. गळ्यात हार घालायचा असला तरच संस्थेत पाय ठेवणारे. त्यांच्या खाटांची चौकशी झाली तर बरंच आहे, असंही मन्मथप्पांच्या मनात येऊन गेलं.

गाडी मंजूर झाली. निरोप आला त्या दिवशी मन्मथप्पा दोन वेळा जेवले. स्वागताची तयारी दूध संस्थेने म्हणजे अर्थात मन्मथप्पांनीच केली. त्या साली झेंडू कुठला मिळायला, म्हणून सुताचा हार. नारळ दुकानातला. ड्रायव्हरसाठी टोपी, कंडक्टरसाठी टोपी. पारावर दोन गॅसबत्त्या. अख्खं गाव जमलं, म्हणजे जेवढं गावात होतं तेवढं. मन्मथप्पांनी चार ओळींचं भाषण पाठ केलं होतं आणि त्यात विकास हा शब्द पाच वेळा येत होता.

अंधार पडल्यावर माळावरून दिवे दिसले. गाडी धूळ उडवत आली आणि पारासमोर थांबली. कंडक्टर मोहनरावाने दार उघडून हाळी दिली, "हिंगणदरा उतरून घ्या." नीलम्मा उतरली, तिच्यामागे एक पाव्हणा उतरला. मन्मथप्पा हार घेऊन पुढे झाले, तेवढ्यात दोनदा घंटी वाजली आणि गाडी निघून गेली. हार घेऊन उभी असलेली माणसं बघून मोहनरावाला वाटलं, लग्नाचं वऱ्हाड दिसतंय, यांना कुठे चढायचंय. मन्मथप्पा चार पावलं गाडीमागे पळाले. गुडघा धरला तसे थांबले आणि मग गॅसबत्तीच्या उजेडात गाडीच्या मागची पाटी वाचली. पाटीवर लिहिलं होतं: बीड – सुंदरराव वस्ती.

सगळ्या गावाने ती पाटी वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवली.

खरं म्हणजे मन्मथप्पांना आनंद व्हायला हवा होता. सून समोर उभी होती. पुलाखाली न जाता, धडधाकट आली होती. आनंद झालाही. पण तो त्या घडीला दाखवायची सोय नव्हती, कारण सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि त्यांच्या हातात सुताचा हार होता.

उलगडा दुसऱ्या दिवशी डेपोत झाला. एसटीच्या माणसांसाठी वस्ती म्हणजे गाडीचा रात्रीचा मुक्काम. गाडी शेवटच्या गावी वस्तीला राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच निजतात, म्हणून त्यांना खाट लागते, दिवा लागतो, सकाळी आंघोळीला पाणी लागतं. हिंगणदऱ्यात मात्र वस्ती म्हणजे शेतातलं घर. साहेबांनी विचारलं गाडी निजणार कुठे, आणि मन्मथप्पांनी स्वतःच्या तोंडाने सुंदररावांचा पत्ता दिला, बोरासकट आणि खाटांसकट. साहेब म्हणाले, "अहो, इतकी चांगली सोय कुठल्याच गावाने सांगितली नव्हती."

गावात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, मन्मथप्पांनी गाव विकलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, विकलं नाही, फुकट दिलं. गहिनीनाथ म्हणाले, "आमच्या बापजाद्यांचं गाव, अन् पाटीवर त्या सुंदररावाचं नाव? मी ह्या गाडीत पाय ठेवणार न्हाई." त्यांना बीडला जायचंच नव्हतं, पण बोलले मात्र ठासून. दुकानात गिऱ्हाईक यायचं, साखर घ्यायचं आणि जाताना विचारायचं, "काय सचिव, सुंदररावानं तुमाला एखादी खाट दिली का न्हाई?" मन्मथप्पा ऐकून घ्यायचे. कारण रोज अंधार पडला की गाडी येत होती आणि नीलम्मा उतरत होती आणि खोलीचं नाव तिच्या तोंडून परत निघालं नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी ते वाटेल तेवढं ऐकून घ्यायला तयार होते.

पण सुंदररावच कंटाळले. पाटीवरचं नाव बघून त्यांची छाती आधी दोन बोटं फुगली होती हे खरं. नंतर मात्र गावच्या माणसांनी शोध लावला की सकाळी गाडी वस्तीवरून सुटते, म्हणजे जागा पाहिजे तर वस्तीवरच जाऊन बसावं. आणि एवढं चालत जायचं तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून जो तो घागर घेऊन जायला लागला. जागा धरायची, घागर भरायची आणि गाडी सुटायच्या आत उतरून घरी यायचं. बोराचं पाणी तळाला गेलं. सुंदररावांच्या बायकोने, गीताबाईंनी, एक दिवस पंपाचं बटनच बंद केलं आणि नवऱ्याला सांगितलं, एक तर ही गाडी राहील नाही तर मी. सुंदरराव म्हणाले, "ह्यांना बीडला न्हाई जायचं, ह्यांना माझं बोर न्यायचंय." आणि डेपोत जाऊन सांगून आले की गाडी आजपासून वस्तीवर नको.

साहेबांनी मन्मथप्पांना बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, तरी मन्मथप्पांना खुर्ची टोचायला लागली. "गावात सोय होत असेल तर गाडी गावात राहील," साहेब म्हणाले. "माझी माणसं दिवसभर धूळ खातात. त्यांना निजायला जागा आणि सकाळी दोन बादल्या पाणी, एवढंच. नाही झालं तर उद्यापासून गाडी परत नेकनूरपर्यंत."

जागेचा प्रश्न नव्हता. दूध संस्थेची खोली रिकामी होती आणि तिची किल्ली सचिवांकडे होती. दिवाही होता. प्रश्न दोन बादल्यांचा होता, रोज. ज्या गावात टँकर आला की बायका घागरी घेऊन एकमेकींच्या पायांवर पाय देतात आणि भांडी विसळलेलं पाणी जनावरापुढे ठेवतात, तिथे दोन बादल्या म्हणजे केवढी मोठी मागणी, हे साहेबांना कळणं शक्य नव्हतं. मन्मथप्पांच्या घरात इष्टलिंगाच्या पूजेलासुद्धा पळीभर पाणी मोजून घेतलं जात होतं. तरी जगदेवीने रांजणातून तांब्या भरला आणि संस्थेच्या दुधाच्या कॅनमध्ये ओतला. म्हणाली, "हे आपलं. आता बाकीचं गावात मागा."

मन्मथप्पांनी कॅन सायकलला अडकवला आणि सायकल हाताने ढकलत गाव पालथं घातलं. प्रत्येक दारात तेच बोलायचे: गावाची गाडी, गावाचं नाव, गावाचा विकास, घरटी फक्त एक तांब्या. गहिनीनाथ म्हणाले की तत्त्वतः त्यांचा पाठिंबा आहे, पण पाणी बायकोच्या अखत्यारीत येतं आणि बायको माहेरी गेलीय. धोंडप्पांनी सांगितलं की पाणी मागू नये, पाण्यासाठी वर लिहावं. रतनबाईंनी कॅनमध्ये डोकावून बघितलं आणि विचारलं, "हे धुतलेलं हाय का?" एकाने चहा विचारला आणि मग चहाला पाणी नाही हे आठवून स्वतःच ओशाळला. गाव संपलं तेव्हा कॅनमध्ये जगदेवीने ओतलेलं पाणी होतं, तेवढंच.

पारावर बायनाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती बाकीची रिकामी मंडळी. मन्मथप्पांनी सायकल पाराला टेकवली. कोटाच्या आत घामाने सदरा चिकटला होता. दिवस मावळायला आला होता आणि गाडी बीडहून निघायची वेळ झाली होती.

बायनाबाई म्हणाल्या, "मन्मथ, एक सांग. तुला ह्या गाडीचा एवढा सोस कावून?"

"गावाच्या विकासा..."

"ते राहू दे. तू कदी रात्रीचा बीडला गेलतास का? तुला कावून पायजे ते सांग."

मन्मथप्पांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. इतके दिवस पाठ केलेलं सगळं भाषण तोंडाशी होतं, पण त्यातला एक शब्दही बाहेर येईना. मग ते खाली बघत बोलायला लागले.

"माझी सून येती त्या गाडीनं. गाडी बंद झाली की ती बीडात खोली घेणार. घ्यावी तिनं, तिची काई चूक न्हाई. पण पोरगा गेला तवा घर खायला उठलं होतं, बायनाबाई. ती संध्याकाळी दारातून आत येती, चपला काढती, तेवढ्यासाठी आमी दोघं दिवस काढतो. ती न्हाई आली तर जगदेवी कुणासाठी चूल पेटवंल? मी कुणासाठी दुकान उघडू? मला विकास-बिकास काई कळत न्हाई. मला माझी सून घरी यायला पायजे."

धोंडप्पांचे मागे बांधलेले हात सुटून खाली आले. मन्मथप्पांना वाटलं, झालं, गेली अब्रू. आता उद्या गिऱ्हाईक साखरेबरोबर हेही घेऊन जाणार.

बायनाबाई उठल्या. त्यांचं घर पाराला लागूनच. आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि कॅनमध्ये रिकामा केला. म्हणाल्या, "हे आदी सांगाया काय झालतं? विकासाला द्यायला माज्याकडं पाणी न्हाई. सुनेला हाय."

आणि त्या तिथेच कॅनपाशी उभ्या राहिल्या. त्यांचं काम एवढंच, उभं राहणं. मग पारावरून एकेक माणूस घराकडे जाऊन यायला लागला. गहिनीनाथांची बायको माहेरी असूनही त्यांना तांब्या सापडला. रतनबाईंनी पाणी ओतलं आणि तांब्या उलटा करून शेवटचा थेंबसुद्धा झटकला, म्हणजे पुढे कुणी बोलायला नको. धोंडप्पांनी अर्धी कळशी आणली आणि आपण वर लिहिण्याबद्दल बोललो ते तेवढं विसरावं असं मन्मथप्पांच्या कानात सांगितलं. अंधार पडायच्या आत सुंदररावांच्या वस्तीवरून एक बैलगाडीही आली. तिच्यात दोन खाटा होत्या. गीताबाईंनी पाठवल्या होत्या आणि निरोप होता की खाटा ठेवून घ्या, माणसं मात्र परत पाठवू नका.

त्या दिवशी गाडी आली आणि पारासमोर थांबून राहिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पाटीवर अजून सुंदरराव वस्तीच होतं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मोहनराव खाली उतरला, संस्थेच्या खोलीत डोकावला, फडक्याने झाकलेल्या दोन भरलेल्या बादल्या बघितल्या आणि म्हणाला, "मामा, गावाच्या तोंडचं पाणी घेऊन आमी आंघोळ कशी करावी? अंगाला लागायचं न्हाई ते." एक बादली पुरेल, दुसरी परत न्या, असं त्याने स्वतःहून सांगितलं.

नीलम्मा घरी आली तेव्हा तिला अर्धं कळलं होतं. गाडीतून उतरून घरापर्यंत यायच्या वाटेत तीन बायकांनी तिला अडवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि कारण एकीनेही सांगितलं नव्हतं. तिने चपला काढल्या. मन्मथप्पा भिंतीकडे तोंड करून गुडघ्याला तेल लावत बसले होते.

"मामा, पारावर काय सांगितलंत?"

मन्मथप्पा तेल लावत राहिले. अख्ख्या गावासमोर बोललेलं एका माणसासमोर बोलता येईना.

जगदेवी चुलीपासून म्हणाली, "तू न्हाई आलीस तर आमी कुणासाठी जगावं, असं म्हणले."

नीलम्मा त्यांच्याजवळ खाली बसली. मग तिने विचारलं, "अख्ख्या गावाला सांगितलंत. मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू राहिली असतीस," मन्मथप्पा भिंतीलाच म्हणाले. "आमच्या तोंडाकडं बघून राहिली असतीस, मन असू न्हाई तर नसू. तसं नको होतं मला. येण्याची सोय करून ठेवावी, म्हणलं. मग यायचं का न्हाई ते तुझं तू ठरव."

जगदेवीने चुलीत लाकूड सरकवलं. नीलम्माने पदराने डोळे पुसले आणि ते लपवायची खटपटही केली नाही. ती उठली. एरवी आधी सासऱ्याचं ताट, मग सासूचं आणि सगळ्यात शेवटी तिचं, अशी त्या घरची रीत होती. तिने फळीवरून तीन ताटं एकदम काढली, शेजारी शेजारी मांडली आणि म्हणाली, "मामा, या जेवायला. उद्या मला सकाळच्या गाडीनं जायचंय, अन् संध्याकाळच्या गाडीनं यायचंय."